आठ माणसांची लिफ्ट

मावशीचं स्टूल लिफ्टच्या उजव्या कोपऱ्यात, बटणांच्या बरोबर खाली असायचं. लाकडी, तीन पायांचं, एका आखूड पायाखाली दुमडलेला पुठ्ठा. बाजूच्या खिळ्याला तिची कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि एक जादा ओढणी. ओढणी तिच्यासाठी नव्हती. हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये कुणाला कधी तोंड झाकून रडावंसं वाटेल याचा नेम नसतो, म्हणायची.

मजल्यांना तिने स्वतःची नावं दिली होती. दार उघडलं की आरोळी ठोकायची, "पहिला, हाडं! दुसरा, बाळंतिणी! तिसरा, साखर! चौथा, ऑपरेशन. चपला बाहेर, भांडणं बाहेर." नव्याने आलेला माणूस दचकायचा आणि दोन मजले जाईपर्यंत हसायला लागायचा. वर जाताना माणसं बोलतात आणि खाली येताना गप्प असतात, हे तिनेच मला सांगितलं होतं. खाली येताना ती स्वतःही आरोळी देत नसे.

काका, म्हणजे मावशीचा नवरा, कामाला होते ती साखरेची गिरणी बंद पडली त्या वर्षी मावशीला लिफ्ट चालवायची ही नोकरी लागली. काका त्यानंतर दारातल्या खुर्चीत बसले ते जवळजवळ तिथेच राहिले. घर चाललं ते त्या तीन पायांच्या स्टुलावर. पण नुसतं घर चालण्याचा प्रश्न नव्हता. आमच्या वस्तीत कुणाच्या पोटात दुखलं तरी आधी मावशीकडे निरोप यायचा, की उद्या येतोय, कितव्या मजल्यावर जायचं? तिला विचारल्याशिवाय कुणी आजारीही पडत नाही, असं काका म्हणायचे. ती लाजायची, आणि तिला ते आवडायचं.

जुनी लिफ्ट जाळीच्या दाराची होती. कुरकुरायची, पण येईल त्याला घ्यायची. ती काढून चकचकीत पत्र्याची नवी बसवली, तेव्हा मिस्त्रीने मावशीला सगळं समजावून दिलं. दारावर एक पितळी पट्टी होती. आठ माणसे.

"आणि नववा आला तर?"

"तर वाजेल. जागची हलणार नाही. खाली पायाखाली काटा बसवलाय, मावशी. दिसत नाही तो."

"म्हणजे येईल त्याला तोलणार ही?"

"तोलणार, पण वजन सांगणार नाही कुणाला."

"सांगेल तर! वाजली की अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल." मावशीने पट्टीकडे पुन्हा पाहिलं. "आठ माणसं म्हणजे कुठली रे धरलीत?"

"कंपनीच्या पुस्तकातली असतात. सरासरी."

"त्यांना आण एकदा इकडे. बघू तरी कशी दिसतात."

कारण आमच्याकडे त्या लिफ्टमध्ये आठ माणसं कधीच मावली नाहीत. पाच झाली, फार तर सहा, की वाजायची. तिचं नाव पडलं पिपाणी. पिपाणी वाजली की शेवटी आत आलेल्याने उतरायचं, हा नियम कुणी केला नव्हता, तो आपोआप झाला. उतरणारा हसायचा, आतलेही हसायचे. "काय हो, सकाळी दोन घास कमी खायचे होते!" "मी नाही, ही पिशवी जड आहे!" लिफ्ट एक फेरी करून परत यायची आणि तो माणूस वर जायचा. त्यात कुणाला काही लागत नव्हतं. सुरुवातीला तरी नव्हतं.

त्या हॉस्पिटलात तीन प्रकारची माणसं यायची. टेकडीवरचे, खाडीवरचे आणि आम्ही गिरणीवाले. तिघांची भाषा आता एक झालेली, पण केस, रंग, आडनावं ऐकली-पाहिली की लगेच कळायचं कोण कुठला. टेकडीवरच्यांची पूर्वापार घरं आणि बागा. खाडीवरचे त्यांच्याही आधीचे, होड्यांवाले. आमच्या पणजोबांना जहाजात घालून आणलं ते ऊस तोडायला. मजुरीतला काही भाग तेव्हा साखरेतच मिळायचा, आणि लग्न झालं की गिरणीतर्फे दोन ताटं. पांढऱ्या मुलाम्याची, निळ्या काठाची, परातीएवढी. दिवसभर कोयता चालवणाऱ्याला तेवढं ताट लागायचंच. पुढे ऊस तोडायला यंत्रं आली, मग गिरणीही गेली. ताटं राहिली. आमच्याकडे प्रत्येक घरात अजून ती आहेत, कुठेकुठे टवके उडालेली, आणि ती काठापर्यंत भरल्याशिवाय वाढल्यासारखं वाटत नाही. चहातही चमचा उभा राहील एवढी साखर. पाहुण्याला कमी गोड चहा देणं म्हणजे त्याला ऊठ म्हणण्यासारखं.

मावशी आमच्यातल्या बायकांसारखीच होती. रुंद, मऊ, चालताना जरा डावी-उजवीकडे झुलणारी. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की झोप यायची, हे तिच्या सगळ्या भाचरांचं मत. गुडघे मात्र कधीचे दुखत होते, म्हणून स्टूल तिला जिवापाड.

मग सर्व्हेवाली डॉक्टरीणबाई आली.

ती टेकडीवरची, सडपातळ, कापडी बूट घालणारी. आवाज असा हळू की समोरचाही आपोआप हळू बोलायला लागे. व्हरांड्यात टेबल टाकून ती येईल त्याचं वजन, उंची, कंबर मोजायची आणि काय खाता, कधी झोपता, किती चालता हे विचारायची. गिरणीवाल्या बायका तिच्या काट्यावर चढताना चपला काढायच्या, मग बांगड्या, मग कानातले. ती हसून म्हणायची, "राहू द्या हो, त्यांचं काही वजन नसतं." तर एकजण म्हणाली, "आमचं असतं ना, तेवढंच कमी करतोय." मावशीला ही डॉक्टर मुलगी आवडली. दुपारी दोघी एकत्र डबा खायच्या. डॉक्टरीणबाईच्या डब्यात काकडी असायची आणि मावशी तिला म्हणायची, "हे जेवण झालं, की जेवणाआधीचं?"

सर्व्हे संपला आणि मोठा रंगीत तक्ता आला. तो लिफ्टमध्ये लावायचं डॉक्टरीणबाईनेच सुचवलं. तिचं म्हणणं साधं होतं. व्हरांड्यात कोण वाचतं? लिफ्टमध्ये माणसाला दुसरीकडे बघायला जागाच नसते.

तक्त्यावर माणसांच्या तीन रांगा. प्रत्येक रांगेत दहा छोटी माणसं, आणि त्यातली लठ्ठ असलेली नारिंगी रंगवलेली. वरची रांग टेकडीवरच्यांची, तिच्यात दोन नारिंगी. मधली खाडीवरच्यांची, चार. खालची आमची. तिच्यात सहा पूर्ण नारिंगी आणि सातवा कमरेपर्यंत.

पहिल्या आठवड्यात आमच्या लोकांनी त्याची भरपूर मजा केली.

"हा अर्धा कोण गं?"

"माझा नवरा. पथ्यावर आहे."

"आणि ही कडेची, ही माझी नणंद. बघ, नाक पण वर आहे."

तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. रस्ते, दुकानं, कामाच्या पाळ्या, झोप, जुन्या मजुरीच्या पद्धती, या सगळ्याचा हा परिणाम आहे, कुणाच्या स्वभावाचा किंवा आळसाचा नाही, असं काहीतरी. ती ओळ वाचायला वाकावं लागायचं, आणि लिफ्टमध्ये कोण वाकतं? चौथा मजला आला तरी ती वाचून व्हायची नाही. वरची माणसं मात्र एका नजरेत मोजून व्हायची.

पिपाणी वाजल्यावर माणसं कुठे बघतात, ते त्यानंतर बदललं. आधी सगळे दाराकडे बघायचे, शेवटी कोण आलं ते बघायला. आता आधी तक्त्याकडे बघायचे, मग आमच्यापैकी जो कुणी आत असेल त्याच्याकडे. बोलायचं कुणीच नाही. मावशी म्हणायची, बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं, नजरेला काय उत्तर देणार?

एक दिवस आमच्या वस्तीतली पाववाली लिफ्टमध्ये होती. बेकरीत पहाटेपासून उभी राहून काम करणारी, साखरेची जुनी पेशंट, तिसऱ्या मजल्यावर निघालेली. ती पहिलीच आत आली होती आणि मागच्या पत्र्याला टेकून उभी होती. सगळ्यांत शेवटी शिरले टेकडीवरचे एक गृहस्थ, हातात फळांची भलीमोठी करंडी. पिपाणी वाजली. ते गृहस्थ हलले नाहीत. त्यांनी तक्त्याकडे पाहिलं. इतरांनी पाववालीकडे पाहिलं.

"अहो, शेवटी तुम्ही आलात," मावशी म्हणाली.

"हो, पण..." गृहस्थ सभ्य होते, पुढचं बोलले नाहीत. "मला भेटायची वेळ संपत आलीय हो."

"असू दे, मावशी. जाते मी जिन्याने," म्हणत पाववाली लोकांमधून वाट काढत बाहेर पडली. पिपाणी बंद झाली. लिफ्ट सुरळीत वर गेली, आणि आत कुणीतरी सुटल्यासारखा श्वास सोडला.

मावशी खाली आली तेव्हा पाववाली पहिल्या वळणावर पायरीवर बसलेली होती. मावशीने हाक मारली, तर म्हणाली, येते, दम घेते. पुढच्या फेरीला पाहिलं तर नव्हती. वर विचारलं तर तिसऱ्या मजल्यावरही आली नव्हती. घरी निघून गेली होती.

त्यानंतर मावशीने ठरवून टाकलं. पिपाणी वाजली की कुणी कुणाकडे बघायच्या आत ती स्टुलावरून उठायची. "माझंच वजन हो, दुसऱ्या कुणाचं नाही! तुम्ही व्हा पुढे," असं मोठ्याने म्हणून बाहेर पडायची, आणि स्वतः जिन्याने वर जायची. वर जाणं भागच होतं, कारण लिफ्टमधून म्हाताऱ्यांना उतरवायला हात लागतो, चाकाच्या खुर्चीला उंबऱ्यावरून ढकलावं लागतं, आणि पहिल्यांदा आलेल्याला दार किती वेळ उघडं राहतं तेच कळत नाही. पहिल्या दिवशी लिफ्ट तिच्या आधी पोचली आणि एक आजोबा उतरायच्या आत दार मिटून परत खाली आले. गोंधळून त्यांनी विचारलं, "झाली का तपासणी?" मग मावशीने युक्ती काढली. बाहेर पडताना ती मधल्या सगळ्या मजल्यांची बटणं दाबून ठेवायची. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत, दार उघडत, दार मिटत जायची, आणि तेवढ्यात मावशी कठड्याला धरून, गुडघ्यांना शिव्या घालत वर पोचायची. दार उघडलं की समोर तिचा पुढे केलेला हात आणि घामेजलेला चेहरा. "या. तिसरा, साखर!"

मी एकदा म्हटलं, "मावशी, गुडघ्यांची वाट लागेल."

"लागू दे. गुडघ्यांना लाज वाटत नाही."

याच सुमारास टायसाहेबांनी तिला बोलावून घेतलं. हे हॉस्पिटलचे पर्यवेक्षक. खाडीवरचे, स्वभावाने भित्रे, गळ्यात चिमट्याने अडकवायचा टाय. नाव काहीही असो, सगळं हॉस्पिटल त्यांना टायसाहेबच म्हणायचं.

"मावशी, लिफ्टची क्षमता आठ माणसांची. त्यातलं एक माणूस तुम्ही. खरं सांगायचं तर दीड."

"बसल्यावर दीड दिसते, साहेब. उभी राहिले की एकच."

टायसाहेब हसले, आणि मग हसल्याचं त्यांना वाईट वाटल्यासारखं झालं. म्हणाले, समितीचा निर्णय आहे. सर्व्हेनंतर हॉस्पिटलने आपल्या कर्मचाऱ्यांपासून सुरुवात करायची असं ठरलंय. वर्षअखेर पुन्हा वजनं होतील. लिफ्टवर राहायचं तर सर्व्हेने आखलेल्या वजनाच्या रेघेच्या आत यावं लागेल. नाहीतर तळघरात, धुलाईखात्यात जागा आहे.

तळघरात खिडकी नव्हती, आणि लिफ्ट तिथपर्यंत जात नव्हती. मावशीने तेवढंच घरी येऊन सांगितलं. "तिकडे माणूस येत नाही गं. नुसत्या चादरी येतात."

पण तिला आणखी एक गोष्ट खुपत होती. प्रसूतीच्या वॉर्डातली आयाबाई खाडीवरची. उंची मावशीएवढी, वजनही जवळजवळ तेवढंच, दोघी एकमेकींचे गणवेश घालायच्या. समितीच्या यादीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण, मावशीच्या नावापुढे फुली. डबा खाताना तिने डॉक्टरीणबाईला विचारलं.

डॉक्टरीणबाईने काकडीचा तुकडा खाली ठेवला. "तुमच्या लोकांची रेघ खाली आहे, मावशी. त्याच वजनाला तुमच्यात साखर लवकर होते. हृदयाचा त्रासही. सगळ्यांना एकच रेघ लावली तर तुमची माणसं उशिरा सापडतात. म्हणून."

"म्हणजे आमच्या भल्यासाठी."

"हो. तपासण्या लवकर सुरू व्हाव्यात म्हणून काढली होती ती रेघ. नोकरीला लावायला नाही. मी समितीला सांगितलं."

"आमच्याकडे साखर लवकर होते, तर रस्ता पण लवकर करतील का? चालायला म्हणून विचारते."

"ते पण लिहिलंय मी. तक्त्यावर, खाली."

"ते बारीक अक्षर?"

"जागा तेवढीच दिली होती," डॉक्टरीणबाई म्हणाली. मावशीने त्या दिवशी तिच्या डब्यातली काकडी मागून घेतली.

प्रयत्न तिने मनापासून केले. बाजारातून एक लहान ताटली आणली आणि काकांच्या निळ्या काठाच्या ताटाशेजारी मांडली.

"हे काय? बशीत जेवणार? मांजराला घातल्यासारखं?"

"वजन उतरवायचंय. नाहीतर स्टूल जाईल."

"आपल्यात कोण उतरलंय आजवर? तुझी आई, माझी आई, दारातून आडव्या जायच्या. रक्तातच आहे आपल्या."

"रक्तात साखर आहे, ती तुमच्या गिरणीने घातलेली."

काकांनी आपल्या ताटातला भात उचलून तिच्या ताटलीत ठेवला. ती ओरडली, तर म्हणाले, "दिवसभर राबतेस. मी काय नुसता बसून खातो. तू उपाशी आणि मी भरल्या ताटावर, हे मला जमायचं नाही." काकांची माया ही अशी होती, तिच्याशी भांडता येत नसे. कधीकधी तिने तो भात परत ठेवला, कधी खाल्ला.

सकाळी चालायला गेली. वस्तीसमोर हमरस्ता, त्याच्या कडेला चालायला जागा म्हणजे गटाराचा काठ. ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवले आणि तिला वाटलं, इथेही पिपाणीच. तिसऱ्या दिवशी एका टेम्पोने तिचा पदर उडवत नेला. मग गेली नाही. गिरणीच्या बंद फाटकापाशी चार दुकानं आहेत, चारही बिस्किटं, तळलेलं आणि रंगीत सरबतं विकतात. भाजीवाला आमच्या बाजूला येत नाही, कारण आम्ही भाजी घेत नाही असं त्याचं म्हणणं. तो येत नाही म्हणून घेत नाही, हे त्याला कोण सांगणार? दोन बस बदलून ती टेकडीवरच्या मंडईत जायची, आणि पालेभाजी घरी पोचेपर्यंत मावशीसारखीच गळून गेलेली असायची.

यातलं काहीच टिकलं नाही. टिकला तो जिना.

तो तिने वजनासाठी कधीच धरला नव्हता. पण पिपाणी रोज वाजत होती, आणि ती रोज चढत होती. हळूहळू गणवेशाचा पट्टा एक भोक आत गेला, मग आणखी एक. गालांची हाडं दिसायला लागली. वस्तीत बायका विचारायच्या, बरी आहेस ना? कारण आमच्यात कुणी बारीक झालं की तेच विचारतात. गुडघे सुजायचे, त्यांना ती मिठाच्या पाण्याने शेकायची. पण आता वळणावर न थांबता ती तिसरा मजला गाठायची, आणि लिफ्टला हरवलं की लहान मुलीसारखी खूश व्हायची.

वर्षअखेरीला ती काट्यावर चढली तेव्हा मी तिच्या चपला धरून उभी होते. तिने किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्याकडे दिला, घड्याळ दिलं, श्वास रोखला. काटा रेघेच्या किंचित आत थांबला.

डॉक्टरीणबाईने तिला मिठीच मारली. "मावशी! करून दाखवलंत!"

"मग तो सातवा पुसा आता. तो अर्धा."

"एका माणसाने तक्ता नाही बदलत हो."

"मला माहीतंय गं. तरी पुसा."

डॉक्टरीणबाईने खरंच खोडरबर आणलं. छापलेला रंग निघाला नाही, नुसता कागद जरा खरखरीत झाला.

त्याच दुपारी टायसाहेबांनी बोलावलं. मावशी पट्टा घट्ट आवळून गेली. त्यांनी उठून अभिनंदन केलं, पाणी दिलं, टाय सरळ केला.

"मावशी, एक आहे. समितीने गेल्या काही महिन्यांचं लिफ्टचं कामकाज पाहिलं. मिस्त्रीलाही विचारलं. बऱ्याच फेऱ्या चालकाशिवाय झाल्यात. कुठे अडचण नाही, तक्रार नाही. म्हणजे ही लिफ्ट आपली आपण चालते. त्यासाठीच बनवलेली आहे ती."

मावशीला आधी कळलंच नाही. "चालकाशिवाय कशी? मी होते की."

"लिफ्टमध्ये नव्हतात."

"जिन्यात होते ना! मी वर जाऊन उभी राहत होते, म्हणून तक्रार नाही."

"हो, पण लिफ्टमध्ये नव्हतात ना, मावशी," टायसाहेब अगदी मऊपणे म्हणाले. "तुम्ही उतरलात की एका पेशंटची जागा होते. तुम्हीच दाखवून दिलंत ते."

घरी आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि निळ्या काठाचं ताट काढून बसली. काकांनी विचारलं, "काय झालं? बसलं का वजन रेघेत?" ती म्हणाली, "बसलं." काकांनी आनंदाने तिला वाढलं.

स्टूल तिला घरी नेऊ दिलं, ते आता मोरीत आहे. बादली ठेवायला बरं पडतं. धुलाईखात्यात तिला बसून काम मिळालं. वाफेत बसायचं, चादरींच्या घड्या घालायच्या. बोलायला कुणी नाही, चढायला जिना नाही, गाड्यांसाठीचा उतार तेवढा. वजन परत आलं, आणि एकटं आलं नाही, साखर घेऊन आलं. पाववालीचं तिला तिथेच कळलं. पायाची जखम चिघळून ती परत आली होती, आणि गुडघ्याखालचा पाय ठेवून गेली होती. लिफ्टमधून तिला खाली आणलं तेव्हा मावशी योगायोगाने चादरींची गाडी घेऊन तळमजल्यावर उभी होती. हे तिने मला एकदाच सांगितलं. पुढे एवढंच म्हणाली, "तेव्हा पिपाणी वाजली नाही."

गेल्या महिन्यात मावशीच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. पंधरवडा तिने कुणाला दाखवली नाही. शेवटी मीच तिला घेऊन हॉस्पिटलात गेले. तिसऱ्या मजल्यावर जायचं होतं.

लिफ्टमध्ये स्टुलाच्या जागी औषधांच्या खोक्यांची ढकलगाडी उभी होती. तक्ता नवा होता. टेकडीवरचे दोन आणि खाडीवरचे चार तसेच होते. आमच्या रांगेतला सातवा आता मानेपर्यंत नारिंगी. तळाची बारीक ओळ या वेळी नव्हती. आम्ही दोघी पहिल्याच आत शिरलो आणि मागे टेकून उभ्या राहिलो. मावशीने पत्र्यावरून एकदा हात फिरवला. माणसं येत गेली. पिपाणी वाजली, आणि मग छतातून एका बाईचा गोड आवाज आला, "वजन मर्यादेपेक्षा जास्त आहे. कृपया शेवटी आलेल्या व्यक्तीने बाहेर यावे."

शेवटी एक तरुण आला होता, कानात तारा घातलेला. त्याला ऐकू गेलं नसावं. बाकीच्यांनी तक्त्याकडे पाहिलं.

"माझंच वजन हो," मावशी म्हणाली. पूर्वीसारखं मोठ्याने नाही. मी तिचा हात धरला, तो तिने सोडवला. "फाईल तुझ्याकडे आहे ना? तू जा पुढे. नंबर पुकारला तर सांग, येतेय म्हणून."

लंगडत ती बाहेर पडली. पिपाणी थांबली. दार मिटायच्या आत तिने बाहेरून हात घालून एक आणि दोनची बटणं दाबली.

पहिल्या मजल्यावर दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. दार मिटलं. दुसऱ्यावर उघडलं. "कुणी दाबलं हे?" कुणीतरी वैतागून म्हणालं. दार बराच वेळ उघडं राहिलं, जिन्याकडून पावलांचा आवाज येतोय का ते मी ऐकत होते. मग तेही मिटलं.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा समोर हात नव्हता.